राजेपण गेलं १९७४मध्ये, आडनाव आलं २०२४मध्ये

डिसेंबर २०२४मध्ये ग्रीसच्या अंतर्गत व्यवहार मंत्रालयानं दहा जणांच्या नागरिकत्वावर शिक्कामोर्तब केलं. दहाही जण एकाच घरातले: ग्रीसचे शेवटचे राजे दुसरे कॉन्स्टंटाइन यांची पाच मुलं, आणि त्यांच्यातल्या पावलोस यांची पाच मुलं. ग्रीसचं प्रजासत्ताक आम्हाला मान्य आहे आणि सिंहासनावर आमचा कसलाही दावा नाही, असं त्यांनी लिहून दिलं. आडनावाच्या रकान्यात मात्र त्यांनी लिहिलं ‘दे ग्रेस’. हे फ्रेंच आहे, आणि त्याचा अर्थ ‘ग्रीसचे’.

झालं, अथेन्समध्ये वादाला तोंड फुटलं. डाव्या आणि समाजवादी पक्षांचं म्हणणं, हे आडनाव नव्हे, ही मागच्या दारानं आत आणलेली पदवी आहे. आणि लांबून बातमी वाचणाऱ्याला मुळात हेच कळेना की ज्यांच्या बापजाद्यांनी देशावर राज्य केलं, त्यांना त्याच देशाचं नागरिकत्व मागायची वेळ का यावी? आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला आडनाव नव्हतं म्हणजे काय?

गोंधळ होतो, कारण या प्रकरणात तीन वेगळी भांडणं एकमेकांत गुंतलेली आहेत: सिंहासनाचं, जमिनीचं आणि कागदांचं. पहिलं १९७४मध्ये मिटलं, दुसरं २००२मध्ये, तिसरं २०२४मध्ये. ती सुटी करून पाहिली की सगळं बऱ्यापैकी सरळ आहे. निदान ग्रीक राजकारणात जितकं सरळ असू शकतं तितकं.

## ग्रीसचे राजे मुळात ग्रीक नव्हतेच

१८२१मध्ये ग्रीकांनी ऑटोमन तुर्कांविरुद्ध उठाव केला. पुढे स्वातंत्र्य मिळालं ते ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया या तीन बड्या सत्तांच्या आधारानं. त्यांनी ठरवलं की नव्या देशाला राजा हवा, पण तो आपल्या तिघांपैकी कुणाच्याच घरातला नको. म्हणून बव्हेरियाचा ऑटो आणला गेला. १८३३मध्ये तो नाफ्प्लिओच्या बंदरात उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. १८६२मध्ये लोकांनीच त्याला घालवलं.

पुन्हा शोधाशोध सुरू झाली. या वेळी डेन्मार्कचा राजपुत्र विल्यम सापडला, तोही सतराच वर्षांचा. १८६३मध्ये तो ‘जॉर्ज’ या नावानं ग्रीसच्या गादीवर बसला. गंमत म्हणजे त्याच्या वडिलांना डेन्मार्कची गादी त्याच वर्षी, पण काही महिन्यांनी मिळाली. मुलगा बापाच्या आधी राजा झाला!

हे घराणं ग्लुक्सबर्गचं. ग्लुक्सबर्ग हा एका वाड्याचा आणि गावाचा पत्ता आहे, आणि तो वाडा आज जर्मनीत आहे. जॉर्जचे वंशज ‘ग्रीस आणि डेन्मार्कचे राजपुत्र’ म्हणवले जाऊ लागले. यातला ‘आणि डेन्मार्क’ हा भाग लक्षात ठेवा. पुढे ग्रीक नागरिकत्व गेल्यावर या घराला पासपोर्ट मिळाला तो त्याच्याच जोरावर.

## राजा आला, गेला, पुन्हा आला

जॉर्जनं जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं. मार्च १९१३मध्ये थेस्सालोनिकीच्या रस्त्यावर त्याला गोळी घालण्यात आली. त्याच्या मुलाचं, पहिल्या कॉन्स्टंटाइनचं, पंतप्रधान वेनिझेलोस यांच्याशी बिनसलं. महायुद्धात दोस्तांच्या बाजूनं उतरायचं असं पंतप्रधान म्हणत होते. राजाला तटस्थ राहायचं होतं, आणि राणी तर जर्मन कैसरची सख्खी बहीण. देश उभा दुभंगला. १९१७मध्ये दोस्तांनी राजाला जायला लावलं आणि त्याचा दुसरा मुलगा अलेक्झांडर याला गादीवर बसवलं.

मग माकड आलं. ऑक्टोबर १९२०मध्ये अथेन्सबाहेरच्या तातोई इस्टेटीवर अलेक्झांडरचा कुत्रा एका पाळीव माकडाशी भिडला. राजा सोडवायला गेला, तर दुसरं माकड त्याला चावलं. जखम चिघळली, रक्तात विष पसरलं आणि सत्तावीस वर्षांचा राजा गेला. पुढच्याच महिन्यात वेनिझेलोस निवडणूक हरले, हाकललेला बाप परत गादीवर आला, आणि तुर्कस्तानात चाललेलं युद्ध त्याच्या काळात १९२२मध्ये दारुण पराभवात संपलं. एका माकडावर इतकं ओझं टाकू नये हे खरं, पण ग्रीक लोक हा किस्सा सांगायचा सोडत नाहीत.

पराभवानंतर खटले चालले आणि सहा मंत्री-सेनानींना गोळ्या घातल्या. राजाचा भाऊ अँड्र्यू हद्दपारीवर सुटला. ब्रिटिश युद्धनौकेवरून त्याचं कुटुंब बाहेर पडलं तेव्हा त्यात दीड वर्षाचं एक बाळ होतं: फिलिप, पुढे इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे पती.

नंतरचं भराभर सांगतो. १९२४मध्ये प्रजासत्ताक. १९३५मध्ये राजा परत, सुमारे अठ्ठ्याण्णव टक्के मतांनी. एवढी मतं मिळाली की मोजणारे कोण होते हे विचारावं. १९४१मध्ये जर्मन आले, राजा बाहेर. १९४६च्या सार्वमतानं राजा पुन्हा आत. सार्वमत म्हणजे एकाच प्रश्नावर सगळ्या देशानं ‘हे की ते’ असं मत देणं. ग्रीसनं एका शतकात राजेशाहीवर इतक्यांदा सार्वमत घेतलं की १९७४चं मत त्या सगळ्यांहून वेगळं का, हे नीट सांगावं लागतं.

## १९६५ ते १९६७: हिशेब इथे चुकला

मार्च १९६४मध्ये दुसरे कॉन्स्टंटाइन गादीवर आले, वय तेवीस. देखणे, आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटींच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकलेले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या राजकन्या अ‍ॅन-मरी यांच्याशी लग्न झालं. लोक खूश होते.

ही खुशी वर्षभरच टिकली. पंतप्रधान योर्गोस पापांद्रेऊ यांना संरक्षण खातं स्वतःकडे हवं होतं. राजा म्हणाला नाही, कारण सैन्यातल्या एका कथित कटात पंतप्रधानांच्याच मुलाचं, आंद्रेआस यांचं नाव घेतलं जात होतं. जुलै १९६५मध्ये पापांद्रेऊ बाहेर पडले. राजानं त्यांच्याच पक्षातले आमदार फोडून सरकारं उभी करायचा प्रयत्न केला. फुटणाऱ्यांत एक ठळक नाव होतं कॉन्स्टंटाइन मित्सोताकिस.

पापांद्रेऊ आणि मित्सोताकिस ही दोन आडनावं धरून ठेवा. पुढच्या साठ वर्षांचा खटला याच दोन घरांच्या पायरीवरून वर-खाली करतो.

२१ एप्रिल १९६७ला काही कर्नलांनी रणगाडे रस्त्यावर आणून सत्ता घेतली. राजानं त्यांच्या सरकारला शपथ दिली. मंत्रिमंडळासोबतच्या फोटोत त्यांचा चेहरा घट्ट मिटलेला आहे. राजाची नाराजी त्यात दिसते, असं समर्थक सांगतात. विरोधक म्हणतात, नाराजी असेल हो, पण सही केलीच ना?

१३ डिसेंबर १९६७ला राजानं उलट डाव टाकला. कुटुंब घेऊन ते उत्तरेला कावाला इथे गेले. तिथल्या निष्ठावंत सेनापतींना घेऊन चाल करायची असा बेत होता. पण सेनापती राजाचे असले तरी त्यांच्या हाताखालचे मधल्या फळीचे अधिकारी कर्नलांचे निघाले. त्यांनी आपल्याच वरिष्ठांना पकडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे राजा, राणी, अडीच वर्षांची अलेक्सिया आणि सात महिन्यांचे पावलोस रोमला पोचले.

आणि तरीही कागदोपत्री ते राजेच राहिले! कर्नलांनी एक राजप्रतिनिधी नेमला आणि नाण्यांवर राजाचा मुखवटा तसाच ठेवला. त्या काळातल्या नाण्यावर एका बाजूला परागंदा राजा आहे, दुसऱ्या बाजूला लष्करी राजवटीचं चिन्ह: फिनिक्स पक्षी आणि त्याच्यापुढे सैनिक.

## ‘राजाला लष्करानं हटवलं, मग ते बेकायदाच नाही का?’

हा आक्षेप हमखास येतो आणि अर्धा खरा आहे. १ जून १९७३ला लष्करी राजवटीनं प्रजासत्ताक जाहीर केलं, जुलैमध्ये त्यावर सार्वमताचा फार्स केला. त्याला कुणी किंमत देत नाही.

पण १९७४मध्ये सायप्रसच्या प्रकरणात लष्करी राजवट कोसळली, लोकशाही परतली, आणि कारामानलिस यांच्या नागरी सरकारनं ८ डिसेंबर १९७४ला प्रश्न नव्यानं विचारला. कारामानलिस स्वतः उजवे. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. प्रजासत्ताकाला ६९.२ टक्के, राजेशाहीला ३०.८ टक्के मतं पडली. वेनिझेलोस यांच्या क्रीट बेटावर तर प्रजासत्ताकाला नव्वद टक्क्यांच्या आसपास मतं होती. स्पार्टा ज्या भागात येतं त्या लाकोनियात राजाला बहुमत मिळालं.

राजाला प्रचारासाठी देशात येऊ दिलं नाही, त्यांनी परदेशातून दूरचित्रवाणीवरून आवाहन केलं. हा अन्याय होता, असं मला वाटतं. पण अडतीस टक्क्यांचा फरक राजाच्या दौऱ्यानं भरून निघाला असता, असं म्हणायला फार मोठी श्रद्धा लागेल. कॉन्स्टंटाइन यांनी निकाल मान्य केला. सिंहासनाचं भांडण इथे संपलं. आजच्या ग्रीक राज्यघटनेत प्रजासत्ताक हे स्वरूप दुरुस्तीनंही बदलता येत नाही, कलम ११० तशी मुभाच देत नाही.

## मग जमीन कोणाची?

राजा गेला, पण तातोई राहिली. अथेन्सच्या उत्तरेला, पार्निथा डोंगराच्या पायथ्याशी सुमारे दहा हजार एकरांची ही इस्टेट. पहिल्या जॉर्जनं १८७०च्या दशकात तिची खरेदी सुरू केली. राजघराण्याची दफनभूमी तिथेच आहे. शिवाय कॉर्फू बेटावरचं मों रेपो, जिथे फिलिप जन्मले, आणि मध्य ग्रीसमधलं पोलिदेंद्री.

हे सगळं राजा म्हणून मिळालं की खासगी मालमत्ता म्हणून? सरकारचा दावा पहिला, कुटुंबाचा दुसरा. मधल्या काळात कटुता किती होती ते बघा: १९८१मध्ये राजमाता फ्रेडेरिका वारल्या, तेव्हा अंत्यविधीसाठी मुलाला तातोईत काही तासच थांबू दिलं.

१९९०मध्ये पंतप्रधान झाले तेच मित्सोताकिस. त्यांच्या सरकारनं कुटुंबाशी तडजोड केली, तातोईतलं सामान कंटेनरमध्ये भरून परदेशी नेऊ दिलं. १९९३च्या उन्हाळ्यात कॉन्स्टंटाइन सहकुटुंब बोटीनं ग्रीसच्या किनाऱ्यानं फिरायला आले, ठिकठिकाणी लोक जमले, आणि सरकार इतकं हबकलं की पाळत ठेवायला नौदलाच्या बोटी आणि विमानं पाठवली. त्याच वर्षी सरकार पडलं आणि सत्तेवर आले आंद्रेआस पापांद्रेऊ. हो, तेच, १९६५च्या भांडणातले चिरंजीव.

१९९४च्या कायदा क्रमांक २२१५नं तडजोड मोडीत काढली, तिन्ही मालमत्ता भरपाईशिवाय सरकारजमा केल्या आणि कुटुंबाचं नागरिकत्वही काढून घेतलं.

कॉन्स्टंटाइन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०००मध्ये निकाल लागला: मालमत्ता खासगी होती, राज्याला ती घेता येते, पण फुकट नाही. २००२मध्ये रक्कम ठरली: कॉन्स्टंटाइन यांना १ कोटी २० लाख युरो, बहीण आयरीनी यांना ९ लाख, आत्या कॅथरिन यांना ३ लाख. मागणी याच्या कितीतरी पट होती. एवढी काटछाट का? कारण या जमिनींना पिढ्यान् पिढ्या करसवलती आणि विशेष लाभ मिळत आले होते, हे न्यायालयानं हिशेबात धरलं. जमीन परत मिळाली नाहीच.

ग्रीस सरकारनं हे पैसे नैसर्गिक आपत्तींसाठी राखलेल्या निधीतून दिले. राजा म्हणजे भूकंप, असा टोमणा त्यात होता की नाही कोण जाणे. कॉन्स्टंटाइन यांनीही आपत्तिग्रस्तांसाठी पत्नीच्या नावानं संस्था काढून उत्तर दिलं.

## आडनावाचा घोळ

१९९४च्या कायद्यानं नागरिकत्व परत मिळवायला अटी घातल्या होत्या: प्रजासत्ताक मान्य करा, दावे सोडा, आणि इतर ग्रीकांसारखं नाव-आडनाव देऊन पालिकेच्या नोंदवहीत या. घोडं अडलं ते शेवटच्या अटीवर. आमच्या घराला आडनावच नाही, असं कॉन्स्टंटाइन म्हणत राहिले. सरकारी गोटातून नाव सुचवलं जायचं ग्लुक्सबर्ग. ते म्हणायचे, ते तर एका जागेचं नाव.

नागपूरकर, सातारकर, पेडणेकर ही आडनावं रोज ऐकणाऱ्या माणसाला यात अडचण काय, हेच कळणार नाही. पण ग्लुक्सबर्ग लावणं म्हणजे ‘आम्ही परके’ असं स्वतःच्या सहीनं कबूल करणं. राजाचे विरोधक हे नाव मुद्दाम वापरायचे ते त्याचसाठी. वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी ‘तेओस’, म्हणजे ‘माजी’, एवढा एकच शब्द चालवला. ‘माजी आज अमुक ठिकाणी दिसले’, अशा बातम्या यायच्या. आणि हे माजी स्वतःच्या देशात यायचे ते डॅनिश पासपोर्टवर.

यात कोण बरोबर? आडनाव मागण्यात सरकारचं काही चुकलं नाही. नियम सगळ्यांना सारखाच. पण नागरिकत्व आधी काढून घेऊन मग ते परत देण्यासाठी अटी घालणं, तेही मूठभर माणसांसाठी खास कायदा करून, हे सूडाच्या फार जवळ जातं. भारतानं १९७१मध्ये संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या घटनादुरुस्तीनं बंद केल्या, नागरिकत्वाला हात लावला नाही. दुसरीकडे कॉन्स्टंटाइन यांचा हट्टही कमी नव्हता. मुलांनी जे दोन शब्द लिहून दिले, ते बापालाही लिहिता आले असते.

२०१३मध्ये ते ग्रीसला राहायला परतले आणि १० जानेवारी २०२३ला अथेन्समध्ये वारले. सरकारनं शासकीय इतमाम नाकारला. पंतप्रधान अंत्यविधीला गेले नाहीत; उपपंतप्रधान आणि सांस्कृतिक मंत्री गेले. युरोपातली राजघराणी आली, बाहेर हजारोंची रांग लागली, आणि तातोईत दफन झालं ते एका खासगी व्यक्तीचं. मुलांचे अर्ज त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत मार्गी लागले. त्या वेळी पंतप्रधान होते किरियाकोस मित्सोताकिस, त्या मित्सोताकिस यांचे चिरंजीव.

## ‘पण दे ग्रेस म्हणजे पदवीच झाली की!’

विरोधकांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. आडनावात अख्खा देश घालणारं दुसरं कुटुंब ग्रीसमध्ये सापडायचं नाही, आणि परदेशी राजघराण्यांत ‘अमक्या देशाचे’ ही लकब पदवीसारखीच वापरतात. मात्र कायद्यानं पाहिलं तर त्याला काही अर्थ उरत नाही. राज्यघटनेच्या चौथ्या कलमानुसार ग्रीक नागरिकाला सरदारकीची पदवी देता येत नाही आणि असलेली मानलीही जात नाही. शिवाय हे नाव घरात आधीपासून होतंच. त्यांचे नातलग राजपुत्र मिखाइल फ्रान्समध्ये ‘मिशेल द ग्रेस’ या नावानं पुस्तकं लिहायचे, आणि कॉन्स्टंटाइन यांची धाकटी मुलगी थिओडोरा अमेरिकी मालिकेत ‘थिओडोरा ग्रीस’ या नावानं काम करायची.

## ही माणसं करतात काय?

पगारी राजेपण नसल्यानं कामधंदा करावाच लागला. पावलोस गुंतवणुकीच्या व्यवसायात. पत्नी मरी-शांताल, ड्युटी फ्री दुकानांच्या धंद्यात गडगंज झालेल्या रॉबर्ट मिलर यांची मुलगी, लहान मुलांच्या कपड्यांचा ब्रँड चालवतात. अलेक्सिया बार्सिलोनात विशेष मुलांना शिकवत, मग लग्नानंतर स्पेनच्या लान्सारोते बेटावर स्थायिक झाल्या. त्यांचे भाऊ निकोलाओस अथेन्समध्ये राहून छायाचित्रांची प्रदर्शनं भरवतात. कॉन्स्टंटाइन यांची थोरली बहीण सोफिया तर स्पेनची राणी झाली. आजचे स्पेनचे राजे फेलिपे हे तिचे चिरंजीव.

मला सगळ्यांत वेगळी वाटते ती धाकटी बहीण आयरीनी. पियानो वाजवणारी ही राजकन्या परागंदा झाल्यावर आई फ्रेडेरिका यांच्यासोबत काही वर्षं मद्रासला राहिली. मायलेकी मद्रास विद्यापीठाचे प्राध्यापक टी. एम. पी. महादेवन यांच्याकडे अद्वैत वेदान्त शिकत होत्या. राज्य गेल्यावर ‘ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या’ वाचायला घेणं, यापेक्षा योग्य वेळ कोणती!

## शेजाऱ्यांनी काय केलं?

बल्गेरियाचे सिमेऑन सहाव्या वर्षी राजे झाले आणि १९४६मध्ये देशाबाहेर गेले. परत येऊन २००१मध्ये त्यांनी निवडणूक जिंकली आणि चार वर्षं पंतप्रधान राहिले. घराण्याचं सॅक्स-कोबुर्ग-गोथा हे जर्मन नाव त्यांनी सरळ बल्गेरियन वळणाचं आडनाव करून टाकलं: साक्सकोबुर्गोत्स्की. घोळ मिटला. रोमानियाचे मिहाय यांना कम्युनिस्टांनी डिसेंबर १९४७मध्ये गादी सोडायला लावली. १९९७मध्ये नागरिकत्व मिळालं. सर्बियाचे अलेक्झांडर यांना ते २००१मध्ये परत मिळालं आणि बेलग्रेडच्या राजवाड्यात राहायलाही मिळालं.

ग्रीसला एवढा वेळ का लागला? या तिन्ही घराण्यांना कम्युनिस्टांनी घालवलं होतं. कम्युनिस्ट गेल्यावर राजांना परत बोलावणं सोपं होतं. ग्रीसमध्ये राजाला लोकशाहीनंच मतपेटीतून नाकारलं, आणि त्या आधीच्या भांडणातली घरं पुढेही सत्तेवर येत राहिली.

आता पावलोस दे ग्रेस ग्रीक ओळखपत्रावर मतदान करू शकतात. डेन्मार्कच्या राजदरबारात मात्र ते अजूनही राजपुत्र आहेत, कारण ती पदवी त्यांना कोपनहेगनकडून आलेली आहे आणि अथेन्सचा कायदा तिथे चालत नाही.